लोपलेले ‘असता’ : विजेच्या उदाहरणांच्या भाषेची समीक्षा

१

कादंबरी, नाटक, कविता, चरित्र व निबंध हे साहित्यसमीक्षेचे मान्य विषय होत. शालेय पुस्तकातील गणिताच्या उदाहरणास त्या पंक्तीत बसविण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. तथापि मराठी माध्यमात शिकणारा विद्यार्थी शब्दन् शब्द तोलून, प्रत्येक विभक्तीकडे लक्ष ठेवून जे गद्य वाचतो, ते बहुधा उदाहरणाचेच असते. कथेतील एखादे वाक्य निसटले तरी कथा समजते. उदाहरणातील एक शब्द निसटला की उत्तर चुकते. ज्या गद्यप्रकारावर एवढी एकाग्रता खर्च होते त्याच्या भाषेचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी करू नये, हे योग्य नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखात त्या गद्यप्रकाराचा एक लहानसा नमुना तपासावयाचे योजिले आहे : विजेचा दाब आणि प्रवाह दिले असता रोध व शक्ती काढावयास सांगणारे उदाहरण.

या उदाहरणाचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘एका दिव्यास २३० व्होल्ट दाब दिला असून त्यातून ०.४३५ अँपिअर प्रवाह वाहतो. दिव्याचा रोध व शक्ती काढा.’ विद्यार्थी दाबास प्रवाहाने भागतो व सुमारे ५२९ ओम रोध लिहितो. दाब व प्रवाह यांचा गुणाकार करतो व १०० वॉट शक्ती लिहितो. एक भागाकार, एक गुणाकार आणि दोन गुण. पुष्कळ शिकवणीवर्गांत याकरिता एक त्रिकोणही काढून देतात. वरच्या कप्प्यात दाब व खालच्या दोन कप्प्यांत प्रवाह आणि रोध लिहून, जी राशी हवी तिच्यावर बोट ठेवले की उरलेल्या दोहोंचे काय करावयाचे ते दिसते. सोय म्हणून त्रिकोणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु जे गद्य वाचल्यावर बोट ठेवण्यापलीकडे वाचकाला काही करावे लागत नाही, त्या गद्यात काहीतरी गळाले आहे, असा संशय समीक्षकाला आला पाहिजे.

काय गळाले आहे? माझ्या मते ‘असता’ हे एक रूप, आणि त्यामागे येणारे उपवाक्य. संस्कृतात सतिसप्तमी जे कार्य करते ते मराठीत ‘असता’, ‘राहिल्यास’, ‘झाल्यास’ ही रूपे करतात : एखादे विधान कोणत्या परिस्थितीत खरे आहे हे ती सांगतात. विजेच्या गणितात बहुतेक चुका आकड्यांत होत नाहीत, त्या या उपवाक्याच्या लोपामुळे होतात. हेच येथे काही मुद्द्यांनी दाखवावयाचे आहे.

२

प्रथम रोधाचा विचार करू. ओमचा नियम सांगताना आपली पाठ्यपुस्तके बहुधा दक्ष असतात. वाहकाचे तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना प्रवाह हा विभवांतराच्या प्रमाणात असतो, असे विधान त्यांत असते व अट स्पष्ट असते. परंतु पान उलटून उदाहरणांकडे यावे, तो अट मागेच राहिलेली दिसते. नियमाच्या वाक्यात जी स्थिती कायम होती ती उदाहरणाच्या वाक्यात आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. त्यामुळे दोन भिन्न गोष्टी विद्यार्थ्याच्या मनात एक होतात. दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध ही व्याख्या आहे. ती कोणत्याही वस्तूला, कोणत्याही क्षणी लावता येते. हा भागाकार दाब बदलला तरी तोच राहतो, हा नियम आहे. तो काही वस्तूंना, काही मर्यादेत लागू पडतो. व्याख्या ही आपण केलेली असते आणि नियम हा निसर्गाकडून तपासून घ्यावा लागतो. त्रिकोणात या दोहोंचा भेद दाखविण्यास जागा नाही.

वरच्या उदाहरणातील दिवाच घ्या. टंगस्टनची तार तापून पांढरी झाली असता तिचा रोध ५२९ ओम आहे. तोच दिवा विझवून, थंड झाल्यावर मापकाने मोजला तर रोध पस्तीस-चाळीस ओमच्या आसपास भरतो. प्रयोगशाळेत हे पाहणारा विद्यार्थी मापक बिघडला आहे असे समजतो किंवा आपले गणित चुकले असे समजतो. वस्तुतः दोन्ही बरोबर आहेत. भिन्न आहे ते ‘असता’. तार थंड असता चाळीस आणि तार तप्त असता पाचशेएकोणतीस. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी अशा दिव्यातून सुमारे सहा अँपिअर, म्हणजे नेहमीच्या तेरा-चौदा पट प्रवाह जातो. जुने दिवे जळताजळता विझण्याऐवजी लावण्याच्या क्षणी ‘फट्’ करून जात, त्याचे एक कारण यात आहे. घरोघरच्या या अनुभवाचा उलगडा उदाहरणाच्या वाक्यात एका उपवाक्याने झाला असता.

येथे खुद्द ओमकडे पाहणे उद्बोधक आहे. गेओर्ग सिमोन ओम हा कोलोन येथील एका माध्यमिक विद्यालयात शिक्षक होता. त्याने प्रारंभीचे प्रयोग व्होल्टाच्या पद्धतीच्या विद्युत्‌घटांवर केले. पण त्या घटांचा जोर प्रयोग चालू असतानाच बदलत असे, आणि आकडे जुळत नसत. पुढे पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने तांबे व बिस्मथ यांच्या सांध्यांचे तापयुग्म वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवल्याने त्याचा जोर स्थिर राहिला. १८२६ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध झाले व १८२७ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. भागाकार तर कोणीही केला असता. ओमचे कर्तृत्व ते उकळते पाणी आणि ते बर्फ यांत आहे. त्याने प्रथम अट स्थिर केली, मग नियम सांगितला. आपल्या उदाहरणांनी त्याचा नियम घेतला आणि त्याचे बर्फ टाकून दिले.

३

आता शक्तीकडे वळू. दाब गुणिले प्रवाह या एका गुणाकारातून, रोधाची व्याख्या वापरून, आणखी दोन रूपे निघतात : प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, आणि दाबाचा वर्ग भागिले रोध. जूलने १८४१ मध्ये तारेत निर्माण होणाऱ्या उष्णतेचा नियम मांडला तो यांपैकी पहिल्या रूपाचा. तिन्ही रूपे एकाच राशीची आहेत. तरीही प्रत्येक वर्गात एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारतोच : रोध वाढला तर उष्णता वाढते की कमी होते? एक सूत्र म्हणते वाढते, दुसरे म्हणते कमी होते.

या प्रश्नाचे उत्तर सूत्रात नाही. ते वाक्यरचनेत आहे. प्रवाह तोच राहिल्यास, रोध वाढता उष्णता वाढते. दाब तोच राहिल्यास, रोध वाढता उष्णता कमी होते. घरातील शेगडीला मिळणारा दाब जवळजवळ ठरलेला असतो, म्हणून जास्त शक्तीच्या शेगडीचा रोध कमी असतो. हजार वॉटच्या शेगडीचा सुमारे ५३ ओम, तर पाचशे वॉटच्या शेगडीचा सुमारे १०६. उलट एकाच मालिकेत जोडलेल्या तारेच्या दोन तुकड्यांतून प्रवाह एकच जातो, म्हणून त्यांत अधिक रोधाचा तुकडा अधिक तापतो. प्लग सैल बसला की नेमका तोच सांधा वितळतो, याचे कारण हे. ‘रोध वाढला की उष्णता वाढते’ हे अर्धे वाक्य पाठ करून गेलेला विद्यार्थी शेगडीपाशी चुकतो. त्याच्या उलट अर्धे वाक्य पाठ केलेला सांध्यापाशी चुकतो. आणि सांध्यापाशी होणारी चूक केवळ गुणांची नसते. घरे जळण्याची ती एक वाट आहे.

याच ठिकाणी परिभाषेचा प्रश्न उद्भवतो. दाबाला शालेय पुस्तके ‘विभवांतर’ म्हणतात, ‘विद्युत्‌दाब’ हाही शब्द रूढ आहे, आणि मराठी विश्वकोशाने ‘वर्चस्’ या शब्दाचाही आश्रय घेतला आहे. बोलण्यात मात्र ‘व्होल्टेज’, किंवा ग्रामीण उच्चारात ‘होल्टेज’. ‘विभवांतर’ हा शब्द क्लिष्ट म्हणून हिणविला जातो. पण त्याच्या पोटात ‘अंतर’ आहे, आणि तोच त्याचा मोठा गुण आहे. अंतर म्हटले की कोणत्या दोन ठिकाणांमधले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘व्होल्टेज किती?’ या प्रश्नाला तशी गरज भासत नाही. तीच गोष्ट ‘शक्ती’ची. मराठीत शक्ती ही माणसाच्या अंगी साठलेली असते; शास्त्रात ती कार्याची गती आहे, साठा नव्हे. साठ्याला ‘ऊर्जा’ म्हणावयाचे. वीजदेयकातील ‘युनिट’ हे किलोवॉट-तास असल्याने ती ऊर्जा होय. पण लोक ‘किती पॉवर खाल्ली’ असे म्हणतात. बोलीत ‘लाईट’ म्हणजे पुरवठा, ‘करंट’ म्हणजे बसलेला धक्का, आणि ‘पॉवर’ म्हणजे यांपैकी काहीही. बोलीला यासाठी दोष देता येत नाही. तिने आपल्या अनुभवापुरते शब्द घेतले. दोष आहे तो या दोन शब्दसृष्टींमध्ये पूल न बांधणाऱ्या उदाहरणाचा.

४

‘कोणत्या दोन ठिकाणांमधले अंतर?’ हा प्रश्न गाळल्याने काय होते, हे पाहण्यासाठी पेण-रोह्याच्या टापूतील रामवाडीकडे येऊ. हा टापू निवडण्याचे कारण असे की, भारतातील जलविद्युतेच्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण याच परिसरात घडले आहे, आणि तरीही आपल्या उदाहरणांत त्याचा मागमूस नसतो. तेथे नेहमी ‘एक तार’, ‘एक दिवा’, ‘एक वाहक’ असतो. त्यांना गाव नसते, लांबी नसते, दुसरे टोक नसते.

रामवाडीस एस. टी.चे स्थानक आहे. स्थानकात उभ्या असलेल्या गाडीचा पुढचा दिवा चोवीस व्होल्टवर चालणारा, सत्तर वॉटचा आहे असे समजा. त्याचा प्रवाह २.९ अँपिअर आणि रोध सुमारे ८ ओम. फलाटावरील सत्तर वॉटचा, २३० व्होल्टवर चालणारा तारेचा दिवा घेतल्यास प्रवाह ०.३ अँपिअर आणि रोध सुमारे ७५६ ओम. गुणाकार एकच, भागाकारात नव्वदपटीहून अधिक फरक. जो विद्यार्थी रोधाला वस्तूचा ‘हट्ट’ समजतो त्याला येथे बुचकळ्यात पडावे लागते. जो त्याला दाब व प्रवाह यांचे गुणोत्तर समजतो त्याच्या ध्यानात येते की, तीच शक्ती कमी दाबाने द्यावयाची तर प्रवाह अधिक लागतो आणि म्हणून तार जाड लागते.

दुसरे उदाहरण मूर्तिशाळेचे. पेण तालुक्यातील गणेशमूर्तींची ख्याती सर्वश्रुत आहे. पावसाळ्यात ओल्या मूर्ती वाळविण्यासाठी एखाद्या शाळेत दिवे आणि पंखे लावले, आणि खांबापासून शाळेपर्यंत शंभर मीटर लांबीची, अडीच चौरस मिलिमीटर छेदाची अॅल्युमिनियमची तार टाकली, असे धरू. जाणारी व येणारी मिळून दोनशे मीटर. तिचा रोध सुमारे २.२४ ओम. भार दहा अँपिअरचा असल्यास तारेतच २२.४ व्होल्ट खर्च होतात, आणि खांबापाशी २३० व्होल्ट असता शाळेत सुमारे २०८ पोहोचतात. तारेत व्यर्थ जाणारी शक्ती २२४ वॉट.

आता हीच शक्ती काढण्यास सांगितल्यावर पुष्कळ विद्यार्थी २३० चा वर्ग करून २.२४ ने भागतील आणि २३,६०० वॉट असे उत्तर लिहितील. गुणाकार अचूक, भागाकार अचूक, उत्तर हास्यास्पद. कारण २३० हे तारेच्या दोन टोकांमधील अंतर नव्हे. ते खांबावरील दोन तारांमधील अंतर आहे. तारेच्या वाट्याला आलेले अंतर २२.४ आहे. त्याचा वर्ग करून भागले की पुन्हा २२४ वॉटच येतात. सूत्र निर्दोष होते. ‘कोठून कोठे’ हे सांगणारे पद वाक्यातून गळाले होते.

५

या चुकीचे महत्त्व रामवाडीच्या शंभर मीटरांत कदाचित जाणवणार नाही. म्हणून तोच हिशेब सह्याद्रीच्या कड्यावरून मांडू. याच जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी, टाटांच्या जलविद्युत् योजनांची तीन केंद्रे आहेत : खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७). भिऱ्याचे पाणी मुळशीच्या धरणातून येते. सुमारे पाचशे मीटर खाली उतरून, यंत्रे फिरवून ते कुंडलिकेत पडते आणि कोलाडवरून रोह्याकडे जाते. ‘दाब’ हा शब्द कोठे सार्थ असेल तर येथे. दर सेकंदास एक घनमीटर पाणी पाचशे मीटर उंचीवरून आले तर त्याची शक्ती सुमारे ४,९०० किलोवॉट होते. उंची गुणिले ओघ. दाब गुणिले प्रवाह. पाण्याचा गुणाकार आणि विजेचा गुणाकार यांचे एवढे उघड साम्य ज्या जिल्ह्यात डोळ्यांनी पाहता येते, तेथील मुलाला गुणाकार ‘एका वाहका’वरून शिकवावा, हा दैवदुर्विलास होय.

खोपोलीहून मुंबईपर्यंतचे अंतर सुमारे सत्तर किलोमीटर. ही वीज लाख व्होल्टच्या घरातील दाबाने नेण्यात आली. का? हिशेबाकरिता समजा की, मुंबईच्या टोकास १०,००० किलोवॉट शक्ती हवी आहे, तीन तारांची त्रिकला पद्धती आहे, आणि प्रत्येक तारेचा रोध १० ओम आहे. दोन तारांमधील दाब एक लाख व्होल्ट ठेवल्यास प्रत्येक तारेतून ५७.७ अँपिअर प्रवाह जाईल आणि तिन्ही तारांत मिळून १०० किलोवॉट व्यर्थ जातील, म्हणजे शेकडा एक. दाब दहा हजार व्होल्टच ठेवल्यास प्रवाह ५७७ अँपिअर होईल आणि नाश १०,००० किलोवॉट, म्हणजे मुंबईस जेवढी वीज पोहोचवावयाची तेवढीच वाटेत जाळावी लागेल. दाब दसपट, तर नाश शंभरावा हिस्सा. मुंबईच्या गिरण्या या एका वर्गाच्या आधारावर विजेवर चालल्या.

अट गाळणारा विद्यार्थी येथे काय म्हणेल? तो म्हणेल, दाबाचा वर्ग भागिले रोध. तेव्हा दाब वाढविल्याने नाश वाढावयास हवा. लाखाचा वर्ग भागिले दहा, म्हणजे दहा लाख किलोवॉट! त्याच्या वाक्यात दोन उपवाक्ये नाहीत. पहिले, ‘पोहोचवावयाची शक्ती तीच असता’. दुसरे, ‘तारेच्या दोन टोकांमधील’. ही दोन्ही घातली की तारेच्या लांबीभर खर्च होणारा दाब ५७७ व्होल्ट आहे हे दिसते, आणि त्याचा वर्ग भागिले दहा, तिन्ही तारांचे मिळून, पुन्हा १०० किलोवॉटच येतात. मूर्तिशाळेच्या तारेत जी चूक २२४ वॉटांची होती ती येथे दहा लाख किलोवॉटांची झाली, जात तीच.

या गुणाकाराच्या डाव्या बाजूस आणखी एक अट होती, आणि ती कोणत्याही भौतिकशास्त्राच्या पुस्तकात येण्याजोगी नाही. उंची आणि ओघ मिळावे म्हणून मुळशीच्या खोऱ्यातील शेते पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्या लढ्याचे मूल्यमापन हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु मराठी वाचकाला ‘शक्ती’ हा शब्द शिकविताना ती कोणाच्या उंचीतून व कोणाच्या पाण्यातून आली हे सांगणारे एक वाक्य उदाहरणात आल्याने शास्त्राची हानी होणार नाही. इतिहासाचे आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक एकाच दप्तरात असते.

६

पुरवठ्याच्या अखेरच्या टोकाकडे पुन्हा येऊ. कारण अट गाळण्याची सर्वांत जड किंमत तेथे मोजावी लागते. गावात ‘होल्टेज कमी आहे’ अशी तक्रार झाली असता त्रिकोण शिकलेला विद्यार्थी सांगेल की दाब कमी झाला म्हणून प्रवाहही कमी झाला असेल, म्हणजे उपकरणे सुरक्षित आहेत. शेगडीच्या बाबतीत हे खरे आहे. हजार वॉटच्या शेगडीस २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास प्रवाह ३.४ अँपिअर होतो व शक्ती सुमारे ६१२ वॉट उरते. पाणी उशिरा तापते, इतकेच. तारेच्या दिव्याच्या बाबतीत ते अर्धवट खरे आहे. तार थंडावल्याने तिचा रोधही घटतो, म्हणून प्रवाह हिशेबापेक्षा कमी उतरतो. परंतु विहिरीवरील विद्युत्‌पंपाच्या बाबतीत ते सर्वस्वी उलटे आहे. पंपावरील भार तोच असता चलित्र आपली शक्ती जवळजवळ तेवढीच मागते; दाब कमी मिळाल्यास ते प्रवाह वाढवून ती भागविते. ४१५ व्होल्टऐवजी ३३० व्होल्ट मिळाल्यास प्रवाह ढोबळमानाने सव्वापट होतो, आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात गुंडाळीतील उष्णता दीडपटीहून अधिक होते. गुंडाळी जळते ती अशी. दाबास प्रवाहाने भागून येथेही एक संख्या मिळते. पण ती गुंडाळीचा रोध नव्हे, आणि ती भार बदलताच बदलते. शेतकऱ्याला ‘दाब कमी असता पंप बंद ठेवा’ हा सल्ला अनुभवाने ठाऊक असतो. त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मात्र पुस्तकाने याच्या विरुद्ध निष्कर्षाकडे नेलेले असते. घरातील अनुभव आणि वर्गातील विद्या यांत असा विरोध आला की मूल विद्येला परीक्षेपुरती ठेवते. उदाहरणाच्या भाषेने केलेली ही सर्वांत मोठी हानी होय.

२०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाल्यापासून घरोघर आलेले एल.ई.डी. दिवे याच गोष्टीला नवे उदाहरण पुरवितात. ज्या दिव्यांतील नियंत्रक-मंडल शक्ती स्थिर राखते त्यांत, ठराविक मर्यादेत, दाब घटता प्रवाह वाढतो. शिवाय प्रत्यावर्ती प्रवाहात अशा दिव्याचा दाब आणि प्रवाह निरनिराळे मोजून केलेला गुणाकार दिव्यावर छापलेल्या वॉटांपेक्षा अधिक भरतो. शक्तिगुणकाने गुणल्यावाचून तो शक्ती होत नाही. ‘दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती’ या वाक्यालाही, याप्रमाणे, ‘प्रवाह एकदिश असता’ किंवा ‘दाब व प्रवाह एकाच कलेत असता’ अशी शेपटी आहे.

७

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. शिक्षक म्हणतील की, पंधरा वर्षांच्या मुलापुढे प्रत्येक विधानाच्या सर्व अटी मांडल्या तर त्याला विधानच दिसणार नाही; प्रथम सोपे शिकवावे, अटी पुढे येतील. क्रमाची ही गरज मान्य केली पाहिजे. कोणीही नवव्या इयत्तेत शक्तिगुणक शिकवावा असे सुचवीत नाही. परंतु सोपे करणे व तोडणे यांत फरक आहे. ‘तार तप्त असता’ या तीन शब्दांनी उदाहरण अवघड होत नाही. आकडे तेच, क्रिया तीच. फरक एवढाच की, तार तप्त नसल्यास काय होईल, हा प्रश्न विचारण्यास वाक्यात एक फट राहते. चांगल्या सोप्या वाक्यात पुढच्या कठीण वाक्याकडे जाणारी वाट मोकळी असते. लोपलेल्या अटीच्या वाक्यात ती बुजविलेली असते, आणि पुढे महाविद्यालयात ती फोडण्यात एक वर्ष जाते.

भाषा संचालनालय (१९६०), मराठी विज्ञान परिषद (१९६६) आणि पाठ्यपुस्तक मंडळ (१९६७) अशा संस्था निघाल्यापासून मराठी शास्त्रीय भाषेची चर्चा मुख्यत्वे शब्दांभोवती झाली. धारा की प्रवाह, रोध की विरोध, दाब की विभवांतर. ही चर्चा आवश्यक होती, आणि तिने दिलेले कित्येक शब्द टिकाऊ ठरले आहेत. परंतु शास्त्र शब्दांत जेवढे असते त्याहून अधिक वाक्यांत असते. संज्ञा नेमकी असून वाक्य सैल असेल तर विद्यार्थ्याच्या हाती नेमका गैरसमज पडतो. म्हणून आता चर्चेचा भर नामावरून वाक्यावर यावयास हवा, आणि हे काम एकट्या पदार्थविज्ञान विभागाचे नव्हे. अटीची रूपे, त्यांचा वाक्यातील क्रम, ‘असता’ व ‘असताना’ यांतील छटा, ‘राहिल्यास’ आणि ‘राहिला तर’ यांतील निश्चितीचा फरक, हे विषय व्याकरणाचे आहेत. आणि त्यांचा शालेय शास्त्रगद्याच्या आधारे केलेला अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकेस पुरेसा व उपयुक्त होईल.

अशा अभ्यासाची कसोटीही साधी आहे. विजेवरील कोणतेही उदाहरण घ्यावे आणि त्याला चार प्रश्न विचारावेत : कोणत्या दोन टोकांमधील दाब? कोणत्या स्थितीतील वस्तू? काय बदलता काय स्थिर आहे? आणि हे घडते कोठे? चारांपैकी निदान दोहोंची उत्तरे वाक्यातच मिळाली तर उदाहरण चांगले. एकही मिळाले नाही तर ते गणिताच्या पुस्तकातील गुणाकार-भागाकाराच्या प्रकरणात हलवावे. तेथे ते निरुपद्रवी आहे. ‘एक तार’ असे न म्हणता ‘रामवाडीतील खांबापासून मूर्तिशाळेपर्यंत गेलेली, शंभर मीटर लांबीची तार’ असे म्हणावे. वाक्य थोडे लांबते खरे. पण त्या लांबीतच तारेला दोन टोके येतात, टोकांना अंतर येते, आणि त्या अंतराला अर्थ येतो.